सासूबाईंचे हात आणि मास्तरांचा अंगठा

आमच्या सासूबाईंनी किती बाळांना पहिली अंघोळ घातली, याचा हिशेब खुद्द त्यांच्याकडेही नाही. मोठ्या इस्पितळात नवजात बाळांच्या खोलीत त्या आया होत्या. डॉक्टरांनी तपासलं, नर्सने वजन केलं, की बाळ सासूबाईंच्या ताब्यात यायचं. बेंबीच्या देठापासून ओरडणारं पोर त्यांच्या हातात गेलं की दोन मिनिटांत डोळे उघडून छताकडे बघत पडायचं. मी स्वतः पाहिलंय म्हणून सांगते, उगाच सासूचं कौतुक करत बसायची मला काही हौस नाही.

बाई तशी चणीने लहान. माझ्या खांद्यालाही जेमतेम लागते. पण त्या खोलीत त्यांचा दरारा असा, की चपला घालून आत येणाऱ्या बापांची धडगत नसे. इस्पितळात त्या आधी झाडलोटीला लागल्या होत्या. एकदा बाळांच्या खोलीतली आया रजेवर गेली म्हणून एका दिवसासाठी त्यांना तिथे उभं केलं, आणि त्या जन्मभर तिथेच राहिल्या. घरी भांडी घासताना त्या कुरकुर करायच्या, बाजारात जायचा त्यांना कंटाळा, पण कामावर जायचं म्हटलं की पावणेसातलाच दारात उभ्या. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा मला वाटलं, घरात लहान मूल नाही म्हणून बाई तिकडे जीव लावते. नंतर कळलं की तो त्यांचा स्वभावच आहे.

मग त्यांच्या हाताला पुरळ आलं. आधी बोटांच्या बेचक्यांत, मग मनगटावर, मग कोपरापर्यंत. लाल, बारीक, खाजरं. खाजवलं की पाणी यायचं, पाणी वाळलं की कातडी तडकायची. दुसरी कुणी असती तर लांब बाह्या घालून दडवलं असतं. सासूबाईंनी सरळ जाऊन मोठ्या सिस्टरांसमोर दोन्ही हात पुढे केले. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मोठ्या सिस्टर त्या खोलीच्या प्रमुख, बाई कडक पण खरी. त्यांनी हात उलटेपालटे करून बघितले आणि सांगितलं, बरं होईपर्यंत बाळांना हात लावायचा नाही. सासूबाईंची बदली कपड्यांच्या कोठीत झाली. तिथे धुऊन आलेल्या चादरींच्या घड्या घालायच्या आणि त्या मजल्यामजल्यावर पाठवायच्या.

कातडीच्या डॉक्टरांनी सांगितलं, इसब आहे, सतत पाणी आणि जंतुनाशक लागून झालंय, कुणाला लागण होणार नाही. मलम दिलं. मलम लावलं की पुरळ दबायचं, थांबवलं की परत हजर. चादरींचा राग सासूबाई घरी आणायच्या आणि आमच्यावर काढायच्या. चहा थंड का, दार उघडं का, माझा नवरा शिंकला तरी का शिंकला. रात्री खाज सुटली की त्या उठून स्वयंपाकघरात फेऱ्या मारायच्या, आणि सकाळी आम्ही सगळे त्यांच्या अपुऱ्या झोपेची शिक्षा भोगायचो.

अशात मला दिवस गेले.

मी सांगितलं तेव्हा नवरा उड्या मारायला लागला, सासरे हसले, आणि सासूबाई आधी हसल्या आणि मग स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "हे असले हात मी त्याला लावणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

मी खूप वाद घातला. डॉक्टर म्हणालेत लागण होत नाही, मग तुमचं काय अडलं? पण त्यांचं एकच. ज्या नियमाने त्यांना खोलीबाहेर काढलं तो नियम त्यांनीच इतकी वर्षं दुसऱ्यांना लावला होता. उघड्या कातडीच्या हाताने नवं बाळ धरायचं नाही. परक्यांच्या लेकरांना जो नियम, तोच घरच्याला. आता बोला. अख्ख्या गावाची पोरं न्हाऊ घातलेली बाई स्वतःच्या नातवंडाला लांबून बघणार होती. आणि मला आई नाही. मी लहान असतानाच ती गेली. बाळाला धरतात कसं, पाजतात कसं, रडलं तर काय करतात, यातलं मला ओ की ठो माहीत नव्हतं. सगळी मदार सासूबाईंवर, आणि त्या म्हणतात हात लावणार नाही. मी तोंडाने कितीही फटाफट बोलले तरी आतून माझं पाणी पाणी झालं होतं.

आता सासऱ्यांबद्दल सांगते. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. ते शाळामास्तर नाहीत, शिंप्याच्या दुकानातले कटिंग मास्तर. पुरुषांचे कोट कापतात. गळ्यात टेप, कानामागे खडू, तोंडाला कुलूप. मास्तर दिवसाला जेवढं बोलत तेवढं सासूबाई एका श्वासात बोलत. दोघं एकमेकांशी बोलायचे ते माझ्यामार्फत. "ह्यांना सांग, जेवण वाढलंय." ह्यांच्यात आणि जेवणात चार पावलांचं अंतर. "हिला सांग, आलो." लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, यांचं भांडण झालंय. नवरा म्हणाला, छे, हे असंच असतं.

फक्त कपड्याचा विषय निघाला की मास्तरांना कंठ फुटायचा. तयार कपडे म्हणजे त्यांचा जन्माचा वैरी. माणसाला माणूस सारखा नसतो, एकाच माणसाचे दोन खांदे सारखे नसतात, मग दुसऱ्याच्या मापाचा कोट अंगाला बसेल कसा, हे त्यांचं कीर्तन आम्हाला तोंडपाठ होतं.

तर मास्तरांच्या दुकानात एक गिऱ्हाईक यायचं, त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. बाहीचं माप घेताना मास्तर त्याला सांभाळून घ्यायचे. त्या खेपेला त्याने आरामात हात वर केला. मास्तरांनी विचारलं, हे कसं काय? तो म्हणाला, चावीवाल्याच्या दुकानावर माडीवर एक डॉक्टरीण बसते, चीनमध्ये राहून शिकून आलेली, तिने ठरावीक जागा दाबून बरं केलं. कातडीचंही बघते. मास्तरांनी ते लक्षात ठेवलं आणि जेवताना मला म्हणाले, "हिला सांग, शनिवारी मला सुट्टी आहे."

सासूबाई उसळल्याच. मी इस्पितळातली बाई, मी असल्या झाडपाल्याच्या नादी लागू? मास्तर जेवत राहिले. दुसऱ्या दिवशी जेवताना परत, हिला सांग, शनिवारी सुट्टी आहे. तिसऱ्या दिवशी परत. शुक्रवारी सासूबाईंनी ताट सरकवलं आणि म्हणाल्या, येते बाई, यांचं तोंड तरी बंद होईल. आता मास्तरांचं तोंड उघडंच कधी होतं, पण मी जीभ चावली.

शनिवारी आम्ही तिघं गेलो. जिना अरुंद, लाकडी. वरची खोली स्वच्छ. एका भिंतीला माणसाचं मोठं चित्र, अंगभर रेघा आणि ठिपके. दुसऱ्या भिंतीला वरपासून खालपर्यंत लहान लहान खण, प्रत्येकाला पितळी कडी. खोलीभर वाळक्या सालींचा वास. डॉक्टरीणबाई चांगल्या उंच, मास्तरांपेक्षाही बोटभर जास्तच. चिनी वगैरे काही नव्हत्या, आपल्यासारख्याच बोलायच्या. पण लोकांनी नाव पाडलं होतं चिनी डॉक्टरीण, आणि त्यांनी ते मुकाट्याने घेतलं होतं.

त्यांनी सासूबाईंच्या मनगटावर तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी बघितली, हाताचा चांगला भाग शोधून. जीभ बाहेर काढायला लावली. मग प्रश्न. झोप कशी? पोट कसं? खाज कधी जास्त? राग येतो का? या प्रश्नाला मला हसू फुटलं आणि सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की उत्तर डॉक्टरीणबाईंना आपोआप मिळालं. मग त्यांनी विचारलं, घरी हात कशाने धुता? सासूबाई ऐटीत म्हणाल्या, इस्पितळातलं जंतुनाशक बाटलीत भरून आणते, घरीही तेच वापरते, साबणाचा काय भरवसा. डॉक्टरीणबाईंनी डोळेच मिटून घेतले.

पहिला हुकूम, ती बाटली बंद. दुसरा, कातडीच्या डॉक्टरांचं मलम चालू ठेवायचं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, माझं औषध त्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही, आणि वाढलं तर आधी त्यांच्याकडे पळायचं. पूर्ण जाईलच असं वचनही त्यांनी दिलं नाही. मला ते आवडलं. छातीठोकपणे बोलणारा वैद्य दिसला की मला आधी घाम फुटतो.

मग खण उघडले. तराजूत तोलून मुळं, साली, शेवंतीसारखी वाळकी फुलं, ज्येष्ठमधाच्या चकत्या. एका पुडीतलं उकळून प्यायचं, दुसरीतलं उकळून गार करून त्यात हात बुडवायचे. घरी येऊन सासूबाईंनी पहिली पुडी सोडली तर आत झाडाच्या खोडाला चिकटलेली असते तशी कुठल्याशा किड्याची पोकळ कात. "सहा पाय आहेत याला," एवढंच म्हणून त्या खाली बसल्या. दुसऱ्या दिवशी मास्तर दुकानातून परस्पर विचारून आले. खाजेवर ते जुनं औषध आहे म्हणे. सासूबाई म्हणाल्या, रोग परवडला. पण नाक दाबून प्यायल्या. काढा उकळायला लागला की शेजारीण खिडकी लावून घ्यायची.

आणि राहिलं जागा दाबण्याचं. कोपराजवळ एक, गुडघ्याच्या वर आतून एक, गुडघ्याखाली बाहेरून एक, घोट्याच्या वर आतून एक. रोज संध्याकाळी, दुसऱ्या कुणीतरी, अंगठ्याने. पुरळ असेल तिथे बोट लावायचं नाही. जागा दाखवायची वेळ आली तेव्हा सासूबाईंच्या कोपरावर कातडी सोललेली, आणि परक्या खोलीत नवऱ्यासमोर साडी गुडघ्याच्या वर घ्यायला त्या काही केल्या तयार होईनात. या वयात! मग डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्याच हातापायावर जागा दाखवल्या. सांगितलं, माप बोटांनी घ्यायचं, चार बोटं म्हणजे यांचीच चार बोटं. पण तोवर मास्तरांनी गळ्यातला टेप काढून डॉक्टरीणबाईंच्या गुडघ्याखाली लावलासुद्धा होता. वाटीपासून इतके इंच खाली, घोट्यापासून इतके वर, सगळं त्यांनी डोक्यात पक्कं केलं. घरी येताना म्हणतात कसे, बोटांनी मापं घेऊन मी कोट कापले असते तर गावातली माणसं बाहीत पाय घालून फिरली असती. त्यांनी विनोद केला याचंच आम्हाला इतकं आश्चर्य वाटलं की आम्ही दोघी पोट धरून हसलो.

पहिल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात एका स्टुलावर सासूबाई, एका पाटावर मास्तर. टेप लावून त्यांनी खडूने खुणा केल्या, अगदी कापडावर करतात तशा, बारीक फुली. आणि मग त्यांचा अंगठा तसाच थांबला. त्या दोघांनी आमच्यादेखत कधी एकमेकांचा हात धरलेला नव्हता. मास्तर मान खाली घालून, सासूबाई खिडकीबाहेर बघत. मी आपली उगाच डबे पुसत उभी. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, दाबताय का मुहूर्त बघताय? तेव्हा कुठे त्यांनी दाबलं. कात्रीने घट्टे पडलेला अंगठा तो. हळू, मशीनचं पायडल आहे का ते, असं सासूबाई ओरडल्या, आणि गाडी सुरू झाली.

आधी आठवडाभर नुसती बोलणी. इथे जोरात, तिथे हळू, लक्ष कुठे आहे. मग सासूबाई कोठीतल्या गोष्टी सांगायला लागल्या. कुठल्या मजल्यावरून चादरी फाटून येतात, कोण उशा पळवतं. मास्तर ऐकायचे. मग एके दिवशी मी भाजी चिरत होते तर मास्तरच बोलत होते. एक नवरदेव लग्नाआधी इतका वाळला की कोट दोनदा आत घ्यावा लागला, ते सांगत होते. घरातल्या गाऊनला पदर नाही म्हणून सासूबाई तोंडावर कोपर धरून हसत होत्या. माझी मधल्यामधे निरोप्याची नोकरी गेली, आणि खरं सांगते, मला मुळीच वाईट वाटलं नाही. माझा नवरा तर दारात उभा राहून बघतच राहिला. त्याने आईवडिलांना सलग पाच मिनिटं बोलताना जन्मात पाहिलं नव्हतं.

पुरळाने मात्र चांगलाच जीव खाल्ला. आधी खाज कमी झाली. सासूबाई रात्री झोपायला लागल्या, आणि सकाळी आम्हाला माणसासारखा चहा मिळायला लागला. मग खपल्या धरल्या. मग मधेच एकदा असं उसळलं की कातडीच्या डॉक्टरांकडे धावावं लागलं, त्यांनी मलम बदलून दिलं. पुन्हा ओसरलं. कोपर स्वच्छ झालं, मग हात. राहिलं ते मनगटावर आणि बेचक्यांत. माझं पोट पुढे येत होतं आणि सासूबाईंचे हात मागे मागे बरे होत होते, आणि आधी काय पुरं होतंय याकडे घरातल्या प्रत्येकाचं लक्ष होतं. कुणी बोलत नव्हतं एवढंच.

कशाने गुण आला? मी म्हणायची, ती बाटली सुटली म्हणून. नवरा म्हणायचा, मलमाने. सासूबाई म्हणायच्या, सहा पायांनी. मास्तर काही म्हणायचे नाहीत, पण संध्याकाळ झाली की आपणहून पाट मांडायचे.

आठवा महिना लागला तेव्हा आम्ही परत माडी चढलो. एव्हाना सासूबाईंची भीड चेपली होती. डॉक्टरीणबाईंनी त्यांना पाय पुढे घ्यायला सांगितला आणि गुडघ्याखाली अंगठा टेकवला मात्र, सासूबाई किंचाळल्याच. इथे तर आजवर कुणी दाबलंच नाही, म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी बघितलं तर मास्तरांची खडूची फुली तिथून चांगली खाली. मग त्यांनी सासूबाईंचाच पंजा उचलून गुडघ्याखाली आडवा ठेवला. त्या एवढ्याशा बाईची एवढीशी चार बोटं. फुली पार खाली राहिली. घोट्याची वर चढलेली, मांडीवरचीही तीच गत. एक कोपर सोडलं तर सगळ्या जागा चुकलेल्या. उंच बाईचं माप बुटक्या बाईच्या अंगावर चढवलं होतं.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. जन्मभर दुसऱ्याच्या मापाच्या कोटावर तोंडसुख घेतलेल्या माणसाने स्वतःच्या बायकोला दुसरीचं माप लावलं होतं. डॉक्टरीणबाई हसल्या, म्हणाल्या, त्याने वाईट काही झालेलं नाही, हातपाय दाबून माणसाला बरंच वाटतं, पण आता इथून पुढे इथे दाबा. मीही हसले. मास्तरांच्या चेहऱ्याकडे माझं लक्ष गेलं तेव्हा हसू गिळलं. घरी येताना ते आमच्या मागून चालत होते, गळ्यातला टेप खिशात घालून.

त्या संध्याकाळी पाट मांडला गेला नाही. मास्तर बाहेरच्या खोलीत मशीनवर नवऱ्याच्या पँटला काहीतरी करत बसले. मी बोलवायला गेले तर म्हणाले, मला त्यातलं काही कळत नाही, हिला सांग, तू दाबून दे. हिला सांग! माझी निरोप्याची नोकरी परत लागली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी पाटावर बसायचा प्रयत्न केला, पण पोट आडवं. मला वाकता येईना, आणि एकदा बसल्यावर उठता येईना. नवरा गॅरेजात कामाला, त्याने दाबलं तर सासूबाई म्हणाल्या, नको बाबा, तू स्पॅनर धर. मनगटावर परत लाली दिसायला लागली. ती दाबणं सुटल्यामुळे की झोप सुटल्यामुळे, मला माहीत नाही. सासूबाई रात्री परत फेऱ्या मारत होत्या एवढं खरं. आणि माझे दिवस भरत आले होते.

मग एका संध्याकाळी सासूबाईंनी स्टूल उचललं, बाहेरच्या खोलीत नेलं, मशीनसमोर ठेवलं आणि त्यावर बसून पाय सरळ मास्तरांच्या मांडीवर ठेवला. मास्तरांनी मशीन थांबवलं.

सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरीणबाईंनी दाखवली ती जागा दाबा. आणि तुमचीही दाबा. तुमची सोडायची नाही."

"ती चुकीची आहे," मास्तर म्हणाले.

"असू दे. मला तिथे बरं वाटायचं."

मास्तरांनी मशीनवरची पँट बाजूला सारली. मग त्यांनी कानामागचा खडू काढला, बायकोचा हात घेतला, तिची चार बोटं तिच्याच गुडघ्याखाली ठेवली आणि फुली केली. मग खाली बोटांनी चाचपून जुनी जागा शोधली आणि तिथेही फुली केली. मी स्वयंपाकघरात परत आले आणि भाताचं झाकण काढून वाफेत तोंड धरून उभी राहिले, कुणी विचारलं असतं तर वाफेने डोळे चुरचुरले म्हणून सांगायला. यांच्या घरात येऊन पडले याबद्दल त्या दिवशी मी माझ्या नसलेल्या आईचेही आभार मानले.

मनगटावरची लाली पुन्हा ओसरली, पण पुरती गेली का हे सासूबाई सांगेनात, आणि दिवस पुरे व्हायच्या आधीच मला कळा सुरू झाल्या. सासूबाईंचंच इस्पितळ. पहाटे नेलं, दुपारी मुलगी झाली. सगळं नीट झालं. मला खाटेवर आणलं, बाळ शेजारच्या पाळण्यात ठेवलं, आणि घरचे आत आले. नवऱ्याने वाकून बघितलं आणि रडायलाच लागला. मास्तर गरम पाण्याचा थर्मास छातीशी धरून उभे. सासूबाई माझ्या पायाशी उभ्या राहिल्या, दोन्ही हात पाठीमागे. मान उंच करून पाळण्यात बघत होत्या, एक पाऊल पुढे येत नव्हत्या. बाळ रडायला लागलं तशी मी उठायला गेले, तर टाक्यांनी जीव गेला. नवरा हात पुढे करायचा आणि मागे घ्यायचा.

तेवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी सासूबाईंना हात पुढे करायला सांगितलं. खिडकीशी नेऊन दोन्ही हात उलटेपालटे बघितले, बाह्या कोपरापर्यंत वर केल्या, बोटं फाकवली. मग म्हणाल्या, बरे झालेत, कातडी धड आहे, पुढच्या आठवड्यापासून आपल्या खोलीत या, तुमच्याशिवाय तिथे पोरं फार रडतात. मला वाटलं, झालं, आता बाई झेप घेणार. पण सासूबाई तिथेच. हातांकडे बघताहेत, वळवताहेत, परत बघताहेत. ज्या सिस्टरांच्या एका शब्दाने त्या खोलीबाहेर गेल्या होत्या, त्यांच्या शब्दाने त्या पाळण्याकडे येईनात.

त्या वळल्या आणि हात मास्तरांसमोर धरले. "अहो, तुम्ही बघा."

मास्तरांनी थर्मास खाली ठेवला. मोठ्या सिस्टर उभ्या, नर्सा उभ्या, शेजारच्या खाटेवरची माणसं बघताहेत. मास्तरांनी बायकोचे हात हातात घेतले आणि उजेडाकडे धरले. एकेक बेचकं बघितलं. मनगटावरून अंगठा फिरवला, कोट देण्याआधी शिवणीवरून फिरवतात तसा, सावकाश, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. बाळ रडतच होतं.

"काही राहिलं नाही," मास्तर म्हणाले. "घे तिला."

सासूबाईंनी हात धुतले आणि बाळाला उचललं. छातीशी धरून क्षणभर तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. मग माझ्याजवळ येऊन बसल्या आणि नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाल्या, "इकडे बघ. मानेखाली हात असा घालायचा."

मी बघत होते, पण डोळे इतके भरून आले होते की मला काहीच दिसेना. तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि आपल्या हाताने तो माझ्या लेकीच्या मानेखाली सरकवला.